आधी व्होल्टेज, मग संशय

मॉस टेक्नॉलॉजीचा किम-१ हा १९७६ सालचा, एकाच बोर्डावर मावणारा संगणक: ६५०२ प्रोसेसर, एक किलोबाइट मेमरी, २३ कळा आणि सहा आकड्यांचा लाल डिस्प्ले. असा बोर्ड बंद पडला की लोक थेट चिप उपटायला धावतात, ते बघवत नाही. आधी मल्टिमीटर घ्या आणि पाच व्होल्ट प्रत्येक चिपच्या पायापर्यंत पोचतात का ते तपासा. मग कनेक्टरची ‘के’ पिन ग्राउंडला जोडली आहे ना, ते बघा. ती मोकळी राहिली तर धडधाकट बोर्डही मेल्यासारखा दिसतो. रीसेट आणि एक मेगाहर्ट्झचा क्लॉक त्यानंतर. खरी मजा मेमरीत आहे. ती आठ चिपमध्ये वाटलेली, प्रत्येकीकडे बाइटचा एकेकच बिट. एखाद्या पत्त्यावर ०० लिहिलं आणि ०८ परत आलं, तर खालून चौथ्या बिटाची चिप पकडायची, बाकीच्या सातांना हातही लावायचा नाही. इतका स्पष्ट कबुलीजबाब आजचे बोर्ड देत नाहीत. मात्र चिप पुरतीच गेली असेल तर कळा दाबूनही काही हाती लागत नाही, कारण कळा आणि डिस्प्ले सांभाळणारा मॉनिटर प्रोग्रॅम स्वतःच्या नोंदी याच मेमरीत ठेवतो. दोन ६५३० चिपवर संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. त्यांच्यातला प्रोग्रॅम कारखान्यातच कोरलेला आहे आणि त्या आता बनत नाहीत. तेव्हा खात्री पटेपर्यंत त्यांच्याजवळ सोल्डरिंग गन नेऊ नका.