अ‍ॅम्बेसिडर घेऊ की फेरारी?

मित्रांनो, गेल्या खेपेला आपण सेल आणि चार्जर यांच्या गप्पा मारल्या. आज पाळी बॉडीची. निमित्त आहे पिंगुळीहून आलेल्या एका पत्राचे.

पत्र लिहिणारा मित्र आठवीत आहे. त्याच्याकडे रिमोटवर पळणारी छोटी गाडी आहे, खऱ्या गाडीच्या अठ्ठाविसाव्या हिश्श्याची. सुट्टीत पोरांनी शर्यत लावली, गाडी वळणावर कलंडली, कोलांट्या खात भिंतीवर आपटली आणि बॉडी दुभंगली. चासी, मोटर, चाके सगळे ठणठणीत आहे. आता नवी बॉडी घ्यायची, पण वर्षभर साठवलेल्या पैशांत एकच येते. त्याच्या नजरेत दोन आहेत. एक फेरारी एफ-४०, साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकची. दुसरी अ‍ॅम्बेसिडर, कुणीतरी थ्री-डी छपाई करून विकायला ठेवलेली. आजोबांची अ‍ॅम्बेसिडर टॅक्सी होती, त्यामुळे "आजो म्हणतत, अ‍ॅम्बेसिडरच घे." पुढची शर्यत दिवाळीच्या सुट्टीत आहे. काय करू, असा त्याचा प्रश्न.

या मित्राचे एक फार आवडले. त्याने चासीची मापे लिहून पाठवली आहेत. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ९० मिलिमीटर आणि डाव्या चाकाच्या बाहेरच्या कडेपासून उजव्या चाकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत ६८ मिलिमीटर. तुमच्यापैकी निम्मे जण फक्त 'गाडी लाल आहे' एवढेच लिहितात!

पहिले माप, ज्याला व्हीलबेस म्हणतात, ते जुळले नाही तर पुढचे सगळे बोलणे व्यर्थ. जपानच्या क्योशो कंपनीने १९९९ मध्ये 'मिनी-झेड' नावाच्या याच आकाराच्या गाड्या आणल्या आणि जगभर त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. त्यांच्या चासीचा व्हीलबेस ८६, ९०, ९४, ९८ मिलिमीटर असा कमीजास्त करता येतो, कारण खऱ्या गाड्या लहानमोठ्या असतात. कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि गणित करून बघा. खऱ्या अ‍ॅम्बेसिडरचा व्हीलबेस २,४६४ मिलिमीटर. त्याला २८ ने भागा. बरोबर ८८! मारुती ८०० चा २,१७५. भागल्यावर ७८ सुद्धा भरत नाही, म्हणजे आपल्या मित्राच्या चासीवर ती बसवली तर चाके मडगार्डात घुसतील.

आणि फेरारी एफ-४०? तिचा व्हीलबेस २,४५० मिलिमीटर. म्हणजे १९८७ साली आलेली, जगभर गाजलेली ती शर्यतीची राणी आणि २०१४ पर्यंत आपल्याकडे बनत असलेली आपली गुबगुबीत अ‍ॅम्बेसिडर यांच्या चाकांतले अंतर जवळजवळ सारखे! फरक फक्त १४ मिलिमीटरचा, तुमच्या करंगळीएवढा. लहान गाडीत तर तो अर्ध्या मिलिमीटरवर येतो. दोन्ही बॉड्या ९० च्या चासीवर बसतील. एकदोन मिलिमीटरचा फरक बॉडी बनवणारे सांभाळून घेतात.

मग फरक कुठे? उंचीत आणि रुंदीत. अ‍ॅम्बेसिडरची उंची सुमारे १,६०० मिलिमीटर, फेरारीची १,१२४. आपल्या मापात ५७ आणि ४०. रुंदी अ‍ॅम्बेसिडरची ५९, फेरारीची ७०. आता ६८ मिलिमीटर रुंद चासीवर ५९ ची अ‍ॅम्बेसिडर ठेवून बघा. दोन्हीकडे साडेचार साडेचार मिलिमीटर चाके बाहेर! लहान भावाचा सदरा घातल्यासारखे दिसेल.

पण रुंदीचा प्रश्न दिसण्याचा. शर्यत हरवते ती उंची, आणि उंचीवर असलेले वजन. आंबोली घाटात टपावर फणस लादलेली जीप पाहिली आहे ना? वळणावर ड्रायव्हर कसा जपून घेतो! खालून रस्ता टायरला धरून ठेवतो, वरचे फणस मात्र सरळच जायला बघतात. तुमच्या बॉडीचे छप्पर म्हणजे हे फणसच.

आकडे घेऊन बघू. समजा, बॉडीशिवाय नुसती गाडी १२० ग्रॅमची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १५ मिलिमीटरवर आहे. तिच्यावर ४० ग्रॅमची फेरारी ठेवली, जिचा गुरुत्वमध्य २५ मिलिमीटरवर आहे. १२० गुणिले १५, अधिक ४० गुणिले २५, भागिले एकूण वजन १६०. उत्तर साडेसतरा मिलिमीटर. आता ६० ग्रॅमची जाड छपाईची अ‍ॅम्बेसिडर ठेवा, गुरुत्वमध्य ३६ मिलिमीटरवर. उत्तर येते २२. साडेचार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असे वाटते ना? मग हा प्रयोग करा.

गाडी एका पाटावर आडवी ठेवा, म्हणजे तिची एक बाजू पाटाच्या कडेकडे येईल. ती घसरू नये म्हणून खालच्या बाजूच्या चाकांना टेकून एक आगकाडी चिकटवा. पलीकडे उशी. आता पाट दुसऱ्या बाजूने हळूहळू उचला आणि गाडी कुठल्या कोनाला कलंडते ते कोनमापकाने मोजा. वरच्या हिशेबाप्रमाणे फेरारी साधारण ६३ अंशांपर्यंत तग धरेल, छपाईची अ‍ॅम्बेसिडर ५७ ला आडवी होईल. सहा अंश! गुळगुळीत फरशीवर गाडी आधी घसरते, त्यामुळे हे जाणवणार नाही. पण शर्यतीच्या सतरंजीवर, चांगल्या रबराची चाके घट्ट पकडतात तिथे, नेमके याच सहा अंशांत कोण पहिला आणि कोण पालथा ते ठरते.

घरी तोलकाटा नसेल तर पट्टीचा तराजू करा आणि दहा रुपयांची नाणी वापरा. एक नाणे सुमारे ७.७ ग्रॅमचे असते. पाच नाणी म्हणजे साडेअडतीस ग्रॅम. बॉडी मागवण्याआधी विकणाऱ्याला वजन विचारा. आईबाबांनीही इथे लक्ष घालावे, कारण पारदर्शक कोरी बॉडी एकदा कात्रीने कापली की कुठलाही दुकानदार परत घेत नाही, आणि कुडाळ-सावंतवाडीकडच्या मुलांना ती लांबून पार्सलानेच मागवावी लागते.

पारदर्शक बॉडी म्हणजे काय, ते सांगतो. बॉड्या मुख्यतः दोन जातींच्या. एक एबीएस प्लॅस्टिकची. लेगोच्या ठोकळ्यांचे प्लॅस्टिक हेच. यात दिवे, दरवाज्याच्या फटी, आरसे असे बारकावे सुरेख उठतात आणि रंग बाहेरून दिलेला असतो. मात्र ती जाड, जड आणि जोरात आपटली तर तडकणारी. दुसरी पॉलिकार्बोनेटची, जिला सगळे लेक्सन म्हणतात. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीतल्या हेर्मान श्नेल यांना आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या डॅनियल फॉक्स यांना, एकमेकांचा पत्ता नसताना, हा पदार्थ सापडला. सीडी त्याचीच असते. त्याचा पातळ पत्रा तापवून साच्यावर हवेने खेचून बसवतात. मिठाईच्या डब्यात पेढ्यांचा खाचाखाचांचा ट्रे असतो ना, तो असाच बनतो. लेक्सनची बॉडी हलकी, दाबली तर वाकते आणि परत सरळ होते. दिसायला मात्र जरा ढोबळ.

दणकट करायचे तर वजन वाढते, हलके करायचे तर ताकद जाते, हा पेच मोठ्या गाड्यांनाही चुकलेला नाही. आपली एस.टी.च बघा ना. महामंडळ नुसती चासी विकत घेऊन दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या आपल्या कार्यशाळांत तिच्यावर बॉडी बांधत आले. वर्षानुवर्षे या बॉड्या हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या होत. अपघातात तो पत्रा फाटतो म्हणून पुढे पोलादी सांगाड्याच्या बॉड्या बांधायला सुरुवात झाली. तिथे माणसे बसतात, म्हणून वजन पत्करले. तुमच्या गाडीत कुणी बसत नाही!

आणि हो, मागचे ते मोठे पंख. पुष्कळांनी विचारले आहे. ताशी दोनशेच्या वेगात खरी फेरारी हवेच्या दाबाने रस्त्याला चिकटते. तुमची गाडी तिच्या दहाव्या हिश्श्याने पळते असे धरा. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणजे शंभरपट कमी. क्षेत्रफळ २८ गुणिले २८, म्हणजे ७८४ पट कमी. एकूण ७८,४०० पट कमी! वजन मात्र सात-आठ हजार पटच कमी झालेले असते. तेव्हा एवढ्याशा गाडीत पंख शोभेचा, आणि पहिल्या धडकेत मोडणाराही तोच.

आता पिंगुळीच्या मित्रा, तुझ्याच गावातली गोष्ट तुला सांगतो. पिंगुळीचे ठाकर कलाकार पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवतात, चित्रकथी दाखवतात, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करतात. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या 'ठाकर आदिवासी कला आंगण'मध्ये जा आणि बाहुल्या जवळून बघ. कळसूत्री बाहुलीचा चेहरा मागच्या रांगेत बसलेल्यालाही ओळखू आला पाहिजे, पण तिचा सगळा भार दोऱ्यांवर, म्हणजे नाचवणाऱ्याच्या बोटांवर असतो. म्हणून ठसठशीत नाकडोळे आणि हलके लाकूड. चामड्याच्या बाहुलीचे तर कातडेच इतके पातळ की मागचा उजेड त्यातून पार होऊन रंग पडद्यावर दिसतात. लेक्सनच्या बॉडीत हेच आहे. रंग आतून द्यायचा आणि बाहेरून बघायचा, म्हणजे कितीही घासली तरी रंग जात नाही.

माझे मत विचारशील तर शर्यतीसाठी फेरारी घे. रुंदी जुळते, उंची कमी आणि एबीएस असली तरी छपाईच्या जाड बॉडीपेक्षा ती हलकी भरेल. आत कोपऱ्यांना कापडी चिकटपट्टी लाव, म्हणजे तडा पुढे पळणार नाही. चाके दोन्हीकडे पूर्ण वळवून बॉडी वरून दाबून बघ. कुठे घासत असेल तर तेवढीच कड कानशीने घास. बॉडी चासीवर आवळून बसवू नकोस, किंचित हलती ठेव. चासीला वळणावर पीळ घ्यायला जागा लागते. आणि शर्यत सभागृहातच लावा. खळ्यात तांबडी धूळ गिअरात जाते, शिवाय खालची कड प्रत्येक खड्ड्याला टेकते.

अ‍ॅम्बेसिडर विकत घेऊ नकोस, बनव! आजोंना हाताशी घे. त्या गाडीचा बाक न् बाक त्यांना ठाऊक असणार. सावंतवाडीची खेळणी करणारे पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरत आले आहेत. तसला, किंवा कुठल्याही मऊ लाकडाचा, १५४ मिलिमीटर लांब ठोकळा घ्या आणि त्याची अ‍ॅम्बेसिडर कोरा. रुंदी ५९ नव्हे, तुझ्या चाकांसाठी ७० ठेवा. जरा जास्तच गुटगुटीत होईल, होऊ दे. खालचा भाग रुंद आणि वर निमुळते, एवढे मात्र सांभाळा, नाहीतर साचा बॉडीत अडकून बसेल. मग शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीचा तळ कापा, ठोकळा आत सरकवा आणि गरम हवा द्या. ती बाटली बनवताना ताणून फुगवलेली असते, म्हणून तापली की आकसते आणि ठोकळ्याला घट्ट बिलगते. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गरम हवेची बंदूक असते. ती मोठ्या माणसानेच धरायची, तू हातमोजे घालून लांबूनच बाटलीचे तोंड धरायचे. कात्रीने मडगार्डाच्या कमानी कापल्या की बॉडी तयार. पत्र्याच्या डब्याची मात्र करू नकोस. ती जड होतेच, वर अँटेना झाकून रिमोटचा संदेश अडवते.

अशी बॉडी रंगासकट १५ ग्रॅमची झाली आणि तिचा गुरुत्वमध्य ३८ मिलिमीटरवर असला, तर मघाचाच हिशेब पुन्हा कर. १,८०० अधिक ५७०, भागिले १३५. साडेसतराच्या जरा वर! म्हणजे टपासकट अख्खी अ‍ॅम्बेसिडर फेरारीच्या मांडीला मांडी लावून वळणार. ही दिवाळीपर्यंत नीट जमली, तर फेरारीचे पैसेही तुझ्याजवळच राहतील.

आजोंची टॅक्सी काळी-पिवळी असेल तर रंगाचा क्रम लक्षात ठेव. रंग आतून द्यायचा, म्हणून सगळे उलटे. आधी आतली बाजू साबणाच्या पाण्याने धुऊन वाळव. पोस्टर कलर पापुद्र्यासारखा निघतो, तो नको. पारदर्शक बॉड्यांसाठीचा फवारा मिळतो, तोच घे आणि अंगणात उघड्यावर मार. खिडक्या आणि टप आतून चिकटपट्टीने झाक आणि पहिल्यांदा काळा मार. तो वाळला की फक्त टपाची पट्टी काढून पिवळा. पावसाळ्यात प्रत्येक हाताला रात्रभर वाळू दे. शेवटी पिवळ्याच्या मागे पांढऱ्याचा एक हात, नाहीतर आतली काळी मोटर दिसून टप मळकट वाटेल. खिडक्यांच्या पट्ट्या सगळ्यात शेवटी काढायच्या.