मुलींचा खेळ कोण ठरवतो?

गेल्या रमजान ईदला बहिणीकडे गेलो होतो. शीरखुर्मा झाला, ईदी वाटून झाली आणि घरातली पोरं नेहमीप्रमाणे मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसली. तेरा वर्षांचा भाचा अब्बांच्या फोनवर आणि अकरा वर्षांची भाची अम्मीच्या फोनवर एकच गेम खेळत होते. रंगीत गोळ्या जुळवायचा साधा गेम. दर दोन डावांनंतर जाहिरात यायची. भाच्याच्या फोनवर कधी रणगाडे, कधी किल्ल्याची लढाई, कधी मोटारींची शर्यत. भाचीच्या फोनवर मात्र एक रडणारी बाई. नवऱ्याने घराबाहेर काढलेली, कडेवर बाळ, विस्कटलेले केस, बाहेर बर्फ पडतोय. खाली तीन पर्याय दिलेले : केस, मेकअप, कपडे. यातला योग्य पर्याय निवडून तिला 'वाचवायचे'.

भाचीने मला विचारले, "मामू, हिला कोर्टात जायचा ऑप्शन का नाही?"

आम्ही सगळे हसलो. रात्री परतताना मात्र ते हसू टिकले नाही. ती जाहिरात तिच्याच फोनवर का आली, हे मला नीट ठाऊक होते. काही वर्षांपूर्वी मी एका मोबाइल गेम कंपनीत हेच काम करत होतो. त्याबद्दल पुढे सांगतोच. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. व्हिडिओ गेम ही मुलांची गोष्ट आहे आणि मुलींना 'त्यांच्यासारखे' काहीतरी वेगळे लागते, ही समजूत निसर्गातून आलेली नाही. ती विक्रीच्या गरजेतून घडली आहे आणि कधी घडली, हेही सांगता येते.

१९८० साली जपानमध्ये तोरू इवातानी यांनी 'पॅक-मॅन' तयार केला. गेमच्या दुकानांत फक्त पुरुषांची गर्दी असते, तिथे मुलींनी आणि जोडप्यांनीही यावे, म्हणून आपण मारधाडीऐवजी खाण्यावर बेतलेला खेळ केला, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. मुलींना खाणे आवडते, हा त्यांचा अंदाजही तसा ठोकळेबाजच. पण निदान दार उघडे ठेवण्याचा विचार त्यामागे होता. त्याच काळात गेम बनवणाऱ्यांतही स्त्रिया होत्या. रॉबर्टा विल्यम्स यांचा 'मिस्टरी हाउस' १९८० चा. डोना बेली 'सेंटिपीड'च्या निर्मात्यांपैकी एक, तो १९८१ चा. कॅरोल शॉ यांनी लिहिलेला 'रिव्हर रेड' १९८२ चा. विमान उडवायचे, पूल पाडायचे, शत्रूची जहाजे बुडवायची, असा हा गेम एका बाईने लिहिला होता.

१९८३ मध्ये अमेरिकेतला घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. दुकानदार 'व्हिडिओ गेम' हा शब्दही ऐकायला तयार नव्हते. १९८५ मध्ये निन्टेंडोने तिथे आपले यंत्र आणले, तेव्हा सोबत एक छोटा रोबो दिला आणि ते खेळणे म्हणून विकायला काढले. खेळण्यांच्या दुकानात मात्र दोन कप्पे असतात, एक मुलांचा आणि एक मुलींचा. माल कोणत्यातरी एकाच कप्प्यात ठेवावा लागतो. तो मुलांच्या कप्प्यात गेला आणि मग जाहिराती, डब्यावरची चित्रे, मासिके, सगळे त्या कप्प्यातल्या गिऱ्हाइकासाठी होऊ लागले. १९८९ मध्ये आलेल्या यंत्राचे नावच 'गेम बॉय' होते. १९८६ च्या 'मेट्रॉइड'मध्ये चिलखतातला योद्धा शेवटी बाई निघतो. पण सोबतच्या माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख 'तो' असाच होता. जो खेळाडू गेम सर्वांत लवकर संपवेल, त्याला बक्षीस म्हणून ती बिकिनीत दिसे. पडद्यासमोर कोण बसले आहे, हे कंपनीने आधीच ठरवून टाकले होते.

१९९६ हे वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी 'टूम्ब रेडर' आला. नायिका लारा क्रॉफ्ट धाडसी, हुशार, पण तिची जाहिरात पुरुषाच्या नजरेसाठी. त्याच वर्षी 'बार्बी फॅशन डिझायनर' आला आणि पहिल्या दोन महिन्यांत त्याच्या पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या. बाईसाठी दोन जागा मोकळ्या झाल्या. एक तर मुलांच्या डब्यावर शोभेला उभे राहायचे किंवा आपल्या वेगळ्या, गुलाबी डब्यात बसायचे. ब्रेंडा लॉरेल यांनी मुलींशी बोलून, अभ्यास करून 'पर्पल मून' ही कंपनी काढली होती. शाळा, मैत्री, रुसवेफुगवे यांवरचे गेम ती करायची. १९९९ मध्ये ती बंद पडली आणि बार्बीची मालक असलेल्या मॅटेलनेच ती विकत घेतली. पुढे २००७ पासून युबिसॉफ्टने मुलींसाठी 'इमॅजिन' ही मालिका काढली. तिचे विषय काय होते? बाळ सांभाळणे, फॅशन, स्वयंपाक, लग्नसमारंभाची आखणी. 'कल्पना करा' असे नाव आणि कल्पनेला कुंपण मात्र घराएवढेच.

मोठ्या, महागड्या गेमबद्दल तर 'बाई नायिका असली तर विकले जात नाही' हे वाक्य मंत्रासारखे म्हटले जायचे. २०१३ च्या 'द लास्ट ऑफ अस'च्या वेळी एली या मुलीचे चित्र मुखपृष्ठावरून मागे ढकलावे, असे निर्मात्यांना सुचवले गेले. त्यांनी नकार दिला. बाजारचाचणीसाठी नेमलेल्या कंपनीने चाचणीत स्त्रियांना घेण्याचा विचारच केला नव्हता. निर्मात्यांना तशी खास मागणी करावी लागली. ज्यांना विचारलेच नाही, त्यांचे मत 'रस नाही' असे धरायचे, ही पद्धत तेव्हापासूनच रुळलेली होती.

२०१४ चा किस्सा माझ्यासारख्या इंजिनीअरला जास्त झोंबतो. 'असॅसिन्स क्रीड युनिटी' या गेममध्ये स्त्री होऊन खेळता येणार नव्हते. का? तर हालचाली, कपडे, आवाज, सगळे दुप्पट करावे लागेल, काम फार वाढेल, असे उत्तर मिळाले. याच मालिकेवर पूर्वी काम केलेल्या जोनाथन कूपर या ॲनिमेटरने जाहीरपणे सांगितले, माझ्या अंदाजाने हे एक-दोन दिवसांचे काम आहे. हा गेम फ्रेंच राज्यक्रांतीत घडतो. त्या क्रांतीतली सर्वांत गाजलेली राजकीय हत्या १७९३ मध्ये मारा याची झाली आणि ती करणारी शार्लोट कोर्दे ही बाई होती. इतिहासात बाई सापडते, कोडमध्ये मात्र तिच्यासाठी वेळ नसतो. 'तांत्रिक अडचण' हा शब्द आम्ही इंजिनीअर मंडळी किती वेळा ठरवलेल्या नकाराला झाकण म्हणून वापरतो, हे मनाशी कबूल करायला हवे. याच मालिकेतल्या २०१८ च्या 'ओडिसी' गेममध्ये बनवणाऱ्यांना कसांड्रा ही एकटीच नायिका हवी होती. पण एकटी बाई विकली जाणार नाही म्हणून पुरुषाचाही पर्याय ठेवायला लावला, अशी बातमी ब्लूमबर्गने २०२० मध्ये दिली.

आता माझ्या स्वतःच्या कामाबद्दल.

आता डबे गेले, दुकानातले कप्पेही गेले. जाहिरात थेट फोनवर येते आणि कोणाला काय दाखवायचे, हे सेकंदाच्या आत ठरते. आमच्याकडच्या तक्त्यात 'लिंग' असा एक रकाना होता. फोन काही आपण बाई की पुरुष ते सांगत नाही, म्हणून तो रकाना अंदाजाने भरायचा. रेसिपीचे ॲप असेल, पाळीच्या तारखांचे ॲप असेल, तर स्त्री. क्रिकेटचा स्कोअर बघणारा असेल, तर पुरुष. यातले काही नियम मी स्वतः लिहिले. माझी बहीण एकही सामना सोडत नाही आणि आमच्या घरात बिर्याणी अब्बा करतात. तरीही लिहिले.

मग 'स्त्री' ठरलेल्या फोनवर लढाईच्या गेमची जाहिरात दाखवायची नाही, कारण पैसे वाया जातात. जाहिरात दिसली नाही, म्हणून गेम डाउनलोड झाला नाही. महिनाअखेर अहवाल तयार : स्त्रियांना लढाईच्या गेममध्ये रस नाही. त्या अहवालावर पुढच्या महिन्याचा खर्च ठरायचा. आधी दाराला कडी घालायची आणि मग म्हणायचे, बघा, कोणी आत आलेच नाही. त्या बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आकडे समोर होते ना! आकडे खोटे नव्हते, पण ते आमच्याच गृहीतकाचा प्रतिध्वनी होते.

त्यात आपल्या घरांतली आणखी एक गोष्ट मिसळते. मुलाला दहावीनंतर स्वतःचा फोन मिळतो. मुलगी बऱ्याचदा अम्मीचा फोन मागून वापरते. म्हणजे पस्तीस वर्षांच्या बाईसाठी ठरवलेली जाहिरात अकरा वर्षांची मुलगी बघते. तिला त्यातून शिकवले जाते की बाईवर संकट आले तर उत्तर मेकअपच्या डब्यात आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, 'मुलींना सजवायचे गेम आवडतातच की!' आवडतात, जरूर खेळावेत. माझी बहीण असे गेम खेळते आणि त्यात कमीपणा काही नाही. आक्षेप गुलाबी रंगावर नाही, दुसरा रंगच न दाखवण्यावर आहे. मुलग्यांचेही यात नुकसान होते. ज्याला घर सजवायचा गेम आवडतो, तो मित्रांत चेष्टेचा विषय होतो. दुसरा आक्षेप, 'बाजार मागणीप्रमाणे चालतो.' मग अमेरिकेतल्या गेम उद्योगाच्याच पाहणीत खेळणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या स्त्रिया का निघतात? नवी मुंबईत तयार झालेला 'लुडो किंग' २०२० च्या टाळेबंदीत आपल्या घराघरांत खेळला गेला. आजी, अब्बा, सून, नातू, सगळे एका पटावर. तो ना मुलांचा होता ना मुलींचा. त्याच वर्षी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' आणला. त्यात एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधायला असुरांशी लढते. बहिणीने भावाला वाचवायचे, अशी गोष्ट आपल्या शेजारच्या शहरातून निघू शकते.

आणि त्याच २०२० मध्ये 'मार्व्हल्स ॲव्हेंजर्स'च्या कथेत केंद्रस्थानी होती कमला खान, पाकिस्तानी वंशाची मुस्लिम अमेरिकन मुलगी. पडद्यावरच्या मुस्लिम मुलीला आजवर पीडिता किंवा गूढ परदानशीन एवढ्याच भूमिका मिळत आल्या. ही मुलगी मात्र चाहती आहे, बडबडी आहे, चुकते, धडपडते आणि शत्रूला ठोसाही मारते. साचा मोडला की माणूस दिसतो, तो असा.

प्रश्न फक्त खेळाचा असता तर एवढे लिहिले नसते. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत स्त्रिया सुमारे ३७ टक्के होत्या. नंतर हे प्रमाण घसरत निम्म्यावर आले. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात याचा अभ्यास केला. घरातला कॉम्प्युटर मुलाच्या खोलीत जातो, तो खेळता खेळता शिकतो आणि मुलगी वर्गात येते तेव्हा आपणच मागे आहोत असे तिला वाटते, हे त्यांना दिसले. विद्यापीठाने प्रवेशाची आणि शिकवण्याची पद्धत बदलली. १९९५ मध्ये तिथे प्रवेश घेणाऱ्यांत मुली ७ टक्के होत्या, २००० मध्ये ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत मुलींचे मेंदू बदलले नव्हते, फक्त दार उघडले होते. आपल्याकडे तर कॉम्प्युटर शाखेत मुली भरपूर दिसतात. म्हणजे क्षमतेचा प्रश्न इथेही नाही. प्रश्न आहे तो घरी फोन आधी कोणाच्या हाती पडतो याचा.

मग करायचे काय? जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२२ मध्ये हानिकारक लिंगभेदी साच्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. तक्रार ऑनलाइन करता येते. पुढच्या वेळी ती रडणारी बाई दिसली की स्क्रीनशॉट काढा आणि पाठवा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिरातींसाठीचा आयडी पुसून टाका. भावांनो, बहिणीला फोन 'दहा मिनिटांसाठी' देऊ नका, तिचा डाव पुरा होईपर्यंत द्या. आणि जे माझ्यासारखे कोड लिहितात, त्यांनी पुढच्या बैठकीत एवढेच विचारावे : हा रकाना भरला कोणी आणि कशावरून? मी ते विचारले नाही, याची खंत आहे.

मागच्या महिन्यात भाचीला 'स्क्रॅच'वर गेम कसा बनवतात ते दाखवले. पहिला गेम तिने त्याच रडणाऱ्या बाईचा केला. केस, मेकअप, कपडे आणि चौथे बटण, कोर्ट. ते दाबले की दरवाजा उघडायला हवा, पण अजून उघडत नाही. कोडमध्ये कुठेतरी चूक आहे. दोघे मिळून शोधतो आहोत.