पुरळ नव्हे, श्वास मोजा

2022 च्या अखेरीस गोवंडीत गोवरची साथ आली, लहान मुलं दगावली. ‘हे लोक लसच घेत नाहीत’ म्हणत बोटं आपल्या मोहल्ल्यांकडे वळली. त्या बदनामीचा राग मलाही आला. पण तेवढाच राग आपल्या घरातल्या एका समजुतीचाही यायला हवा: ‘गोवर सगळ्यांनाच येतो, पुरळ उतरलं की पोर बरं होतं.’

साफ चूक! गोवरने मुलं दगावतात ती बहुतेकदा न्यूमोनियाने. विषाणू फुप्फुसात उतरतो, प्रतिकारशक्ती खिळखिळी करतो, मग जिवाणूही शिरतात. कुपोषित बाळाला धोका जास्त. म्हणून श्वास मोजा. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतचं बाळ मिनिटाला 50, पाच वर्षांपर्यंतचं 40 किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर घरगुती उपाय पुरे, थेट हॉस्पिटल गाठा.

लस 9 महिन्यांनी आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांत, सरकारी दवाखान्यात मोफत. पाणी, गटारं, दवाखाने यांचा हिशेब पालिकेला जरूर विचारू. पण त्या दिवशी आपल्या बाळाचं लसीकरण कार्डही हातात असू द्या.