‘थोडक्यात’ म्हणजे किती?

शाळेत पहिल्या पाचांत असणारा मुलगा महाविद्यालयात आला आणि मागे पडू लागला, की त्याची कारणे लोकांजवळ तयार असतात. मोबाइल, मित्र, आळस. पुष्कळांच्या बाबतीत ती खरीही असतील. पण काही विद्यार्थ्यांचे गुण अभ्यासाभोवतीची चौकट निघून गेल्यामुळे घसरतात. मी त्यांपैकी एक आहे. दहावीला मला ८९ टक्के होते, बारावीला ७१, आणि पदवीच्या पहिल्या सत्रात दोन विषय राहिले. अभ्यासाचे तास मात्र तिन्ही वेळा तेवढेच होते.

मला ॲस्पर्जर सिंड्रोम आहे. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्जर यांनी १९४४ साली चार मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. बोलण्यात तरबेज, एखाद्या विषयात वयाच्या मानाने फार पुढे, पण चारचौघांत वावरताना पदोपदी अडखळणारी अशी ती मुले होती. १९८१ साली इंग्लंडच्या डॉ. लोर्ना विंग यांच्या लेखामुळे ॲस्पर्जर यांचे नाव या अवस्थेला रूढ झाले. २०१३ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेतून ते वगळून ही अवस्था ऑटिझमच्या मोठ्या वर्गात घातली. नाव गेले, अडचण होती तिथेच राहिली.

मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द चांगला आहे, पण माझ्यापुरता तो उलटा पडतो. बाहेरचे सारे एकदम आत शिरते, हेच माझे दुखणे. आपल्या सात रस्त्याचे घ्या. सात वाटा तिथे एकत्र येतात. रिक्षांचे हॉर्न, बसची घरघर, मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनीतले एकाच वेळी चाललेले बोलणे, यांतले नको ते वगळून तुम्ही गप्पा मारत पलीकडे जाता. माझ्या कानाला वगळणे जमत नाही. तो चौक ओलांडून वर्गात बसेपर्यंत माझी दिवसाची निम्मी शक्ती खर्च झालेली असते.

मग शाळेत हे कसे निभावले? कारण शाळेत सारे लिहिलेले होते. एकच वर्ग, ठरलेला बाक, भिंतीवर वेळापत्रक, वहीत गृहपाठ, धड्याखाली प्रश्न. शिक्षण जसजसे पुढे जाते तसतसे लिहिलेले कमी आणि न लिहिलेले जास्त होत जाते. तास कोणत्या खोलीत आहे ते आयत्या वेळी कळते. प्रकल्पाचा गट ‘आपापसांत’ जमवायचा असतो. कोणता भाग महत्त्वाचा हे सरांच्या आवाजावरून ओळखायचे असते. इतरांना ही माहिती जणू हवेतून मिळते. मला मिळत नाही. म्हणजे प्रत्येक विषयामागे आणखी एक विषय असतो आणि त्याला पाठ्यपुस्तक नसते.

प्रश्नपत्रिकेतही तेच. ‘थोडक्यात उत्तरे लिहा’ म्हणजे किती? चार ओळी की दोन पाने? सोलापूरच्या मार्शल लॉवर टीप लिहायची आहे असे समजा. मे १९३० मधला उठाव, लष्कराचा अंमल, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी गेलेले चार हुतात्मे, यांतले काय सोडायचे? सोडण्यासारखे मला काहीच दिसत नाही. म्हणून पहिला प्रश्न भरगच्च आणि शेवटचे दोन कोरे, असा माझा पेपर असतो. तपासणाऱ्याला त्यात अपुरा अभ्यास दिसतो.

घसरत्या गुणांवर घरोघरी एकच औषध असते, शिकवणी. माझ्या बाबतीत तिने आणखी एक गजबजलेली खोली वाढवली. उपयोगी पडल्या त्या साध्या गोष्टी. कॉलेजातून आल्यावर अर्धा तास कोणाशीही न बोलणे. रोज त्याच टेबलाशी, त्याच वेळी, एकच विषय. पेपर हातात येताच प्रत्येक प्रश्नापुढे गुणांच्या हिशेबाने मिनिटे लिहून ठेवणे. आणि तास बदलला की निरोप देणारा एक मित्र. त्या मित्राचा मला शिकवणीपेक्षा अधिक उपयोग झाला आहे.

कायदा आमच्या बाजूचा आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तो आला. परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करणे, जादा वेळ देणे हे त्या कायद्यात सांगितले आहे. नीट बोलता येणाऱ्या माझ्यासारख्याची टक्केवारी प्रमाणपत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत पोचतेच असे नाही. तरी २०२१ साली विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय या ४० टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही असे स्पष्ट केले. हे सारे स्वागतार्ह आहे. पण जादा वेळ मिळाला तरी काय सोडायचे ते कळत नाही. मला लेखनिकापेक्षा नेमके शब्द हवे आहेत.

म्हणून प्राध्यापक मंडळींना माझी विनंती आहे की न लिहिलेले लिहावे. ‘थोडक्यात’ऐवजी ‘सुमारे १०० शब्दांत’ म्हणावे. खोली बदलली तर फळ्यावर नोंद व्हावी. प्रकल्पाचे गट यादीने पडावेत. याला खर्च नाही आणि कोणावर अन्यायही नाही. अक्कलकोटहून एसटीने येणारा, घरी कानडी बोलणारा, कुटुंबातला पहिलाच पदवीला बसलेला विद्यार्थी आपल्या वर्गात असतो. त्याला निदानाचे कोणतेही नाव नाही, पण न लिहिलेले त्याला तरी कोण सांगणार? माझ्यासाठी केलेली सोय त्याच्याही कामी येईल.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगणे, की कोणी शेवटच्या बाकावर गप्प बसला तर तो शिष्ट आहे असे धरून चालू नये. उद्याचा तास कुठे आहे, एवढे त्याला सांगावे.

राहिलेले विषय यंदा निघाले नाहीत तर कॉलेज सोडून काकांच्या दुकानात बसायचे, असे घरी ठरले आहे. दुकानात काही कमीपणा नाही. पण विषय कठीण होता म्हणून जाणे वेगळे आणि प्रश्न कळला नाही म्हणून जाणे वेगळे. अभ्यास मी करीनच. प्रश्न मात्र कळेल असा लिहिलेला असावा.