सुई, लोकर आणि फुरसतीचा हक्क

शिवणयंत्रे वाटण्याचा समारंभ हा महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील एक ठरीव विधी होऊन बसला आहे. निवडणूक जवळ आली की शहरांच्या कडेच्या वस्त्यांत मांडव पडतात, यंत्रांना हार घातले जातात आणि स्त्रियांनी स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असे आवाहन व्यासपीठावरून केले जाते. जिच्या हाती ते यंत्र पडते ती बाई पहाटेपासून पायांवरच उभी असते, ही गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. तिने आणखी कमवावे, याविषयी सर्व पक्षांचे एकमत आहे. तिला दिवसाकाठी स्वतःचा म्हणून एखादा तास मिळतो का, हा प्रश्न कोणत्याच जाहीरनाम्यात सापडत नाही.

पुण्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या कात्रजचे उदाहरण घ्यावे. अठराव्या शतकाच्या मध्यात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, येथील तलावाचे पाणी दगडी नळांतून शहरात नेले गेले आणि ते शनिवारवाड्याच्या हौदांपर्यंत खेळवले गेले. आज त्याच उतारावरून शहराकडे माणसांचे श्रम वाहतात. सातारा रस्त्याने सकाळी स्वारगेटकडे जाणाऱ्या बसमध्ये धुणीभांडी करणाऱ्या, दुकानांत उभ्या राहणाऱ्या, रुग्णालयांत आयाचे काम करणाऱ्या आणि कचेऱ्यांत बसणाऱ्या स्त्रिया दाटीवाटीने उभ्या असतात. संध्याकाळी परतल्यावर स्वयंपाक, पाणी, मुलांचा अभ्यास आणि म्हाताऱ्यांची औषधे त्यांची वाट पाहत असतात. हे सारे आटोपल्यावर, दिवा मालवण्यापूर्वी, डबा उघडून सुई हाती घेतली जाते.

या सुईची कामे दोन प्रकारची आहेत आणि त्यांतला फरक ओळखला पाहिजे. पहिले काम डागडुजीचे. उसवलेली शिवण पुन्हा घालणे, वाढत्या मुलाच्या विजारीची दुमड सोडून लांबी वाढवणे, शर्टाचे बटण लावणे, पिशवीचा बंद टाचणे, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणे, ही ती कामे होत. दुसरे काम मौजेचे. लोकरीचा गुंडा आणि दोन सुया घेऊन बसायचे, सुलट-उलट टाक्यांत बोटे रमवायची, जमले तर टोपडे, न जमले तर पुन्हा उसवायचे. पहिल्याला अर्थशास्त्र श्रम मानत नाही, कारण त्याला मजुरी नाही. दुसऱ्याला तर घरचे लोकही रिकामपणाचा उद्योग म्हणतात.

डागडुजीचा विचार आधी करू. कापड विरण्यापूर्वी कपडा टाकून देण्याची सवय ही माणसाची उपजत वृत्ती नव्हे. ती बाजारपेठेने लावलेली आहे. जो सदरा दहा वर्षे टिकतो तो भांडवलदाराच्या दृष्टीने अपयशी सदरा होय. म्हणून दर हंगामाला नवी तऱ्हा आणि नवा रंग येतो, आणि स्वस्ताईचा डंका पिटला जातो. ही स्वस्ताई कोणाच्या जिवावर येते, हे २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली तेव्हा जगाने पाहिले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले असतानाही शिवणकामगारांना आत पाठवण्यात आले आणि अकराशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ज्या वस्तूत इतके श्रम आणि कधीकधी इतके रक्त मुरलेले आहे, ती एका बटणापायी कचऱ्यात टाकणे हा श्रमाचा अपमान आहे. ठिगळाला दारिद्र्याची खूण समजून लाजणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. डागडुजीचे गोडवे गाणे सोपे आहे, कारण ती बहुधा दुसरेच कोणी करते. बाजारातल्या दुकानात यंत्रावर बसलेला कारागीर बहुतेक ठिकाणी पुरुष असतो आणि तो टाक्याचे पैसे घेतो. तोच टाका घरात पडतो तेव्हा घालणारी स्त्री असते आणि त्याची गणती मायेत होते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाने आपलीही नऊ मिनिटे वाचवून घेतली! समतेवर व्याख्यान देऊन घरी आलेल्या कार्यकर्त्याच्या सदऱ्याचे बटण कोण लावतो, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही.

आता मौजेच्या विणकामाकडे वळावे. याविषयी चळवळीतही एक जुनी अढी आहे. कचेरीत मधल्या सुटीत विणणाऱ्या बायकांची यथेच्छ टिंगल एके काळी वृत्तपत्रांतून आणि नाटकांतून झाली. चळवळीतील माणसे टिंगल करत नसतील, पण ‘याचा उपयोग काय?’ असे विचारल्यावाचून तीही राहत नाहीत. चार बायका लोकर घेऊन एकत्र बसल्या की त्यांचा बचत गट करावा, माल विक्रीला न्यावा, असा सल्ला लगेच दिला जातो. हिशेबाने पाहिले तर हाताने विणलेला स्वेटर हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे. पुष्कळदा नुसत्या लोकरीची किंमत तयार स्वेटरच्या किमतीच्या पुढे जाते आणि त्यावर कित्येक संध्याकाळी खर्ची पडतात. तरीही बाया विणतात. दिवसभरात जेवढी कामे हातून होतात ती सर्व कोणाच्या तरी मागणीवरून होतात. हे एकच काम असे की ज्यात नक्षी, रंग आणि वेग तिने स्वतः ठरवलेला असतो. मुलगा वाढला की स्वेटर उसवायचा, लोकर धुऊन तिचा पुन्हा गुंडा करायचा आणि नवा घाट घालायचा. स्वतःच्या श्रमावर स्वतःची सत्ता, हे समाजवादाचे मागणे तिच्या हातांना असे अल्पस्वल्प उमगलेले असते.

हा मध्यमवर्गीय चोचला आहे, अशी शंका कोणी घेईल. जिला दोन वेळची भ्रांत आहे तिला लोकरीचे काय, असेही विचारले जाईल. शिवण शिकून अनेक निराधार स्त्रिया सावरल्या, हे खरेच आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाचे कार्य त्या दृष्टीने मोलाचे होते. पण कष्टकऱ्यांना भाकरीपुरतेच जगायला सांगणे ही मालकांची भाषा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुटी मागितली तेव्हा ती मजुरीवाढीची मागणी नव्हती. ती वेळेची मागणी होती. १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. मात्र ती कारखान्याच्या दारापर्यंतच आली. घरातल्या बाईचा रविवार हा इतर सहा दिवसांहून अधिक कामाचा ठरला आणि आजही तसाच आहे. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. लांबलेल्या पाळीचा भार घरातल्या त्या संध्याकाळच्या तासावरच येऊन पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणखी एक धोका ओळखून ठेवावा. ‘घरबसल्या, फावल्या वेळात’ या गोड शब्दांखाली नगावर शिलाईकाम देणारे कंत्राटदार स्त्रीच्या आवडीचाच दाखला देऊन दर पाडतात. मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये मेरी ॲन वॉकली या वीस वर्षांच्या शिवणकामगार मुलीची हकीगत दिली आहे. १८६३ च्या जून महिन्यात लंडनमध्ये मेजवानीचे पोशाख पुरे करण्यासाठी सलग साडेसव्वीस तास काम करून ती मेली. ती निदान एका छपराखाली, इतर मुलींच्या सोबतीने बसत होती. आजची घरखेप कामगार आपापल्या खोलीत एकटी असते. अशा कामगारांच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये करार केला, त्याला भारताने मान्यता दिलेली नाही. तेव्हा रेषा स्पष्ट आखली पाहिजे. जे विकले जाते त्याला पूर्ण दाम मिळाला पाहिजे, आणि जे मौजेसाठी केले जाते त्याला कोणी भाव पुसू नये.

कार्यकर्त्यांना यात करण्याजोगे पुष्कळ आहे. कामाचे तास वाढू न देण्याचा लढा आणि वस्तीत पाळणाघरे मिळवण्याचा लढा हा तर पायाच होय. त्याबरोबर कात्रजसारख्या उपनगरांत पक्षाची कचेरी, वाचनालय किंवा समाजमंदिर आठवड्यातून एका दुपारी यासाठी उघडे ठेवता येईल. एक-दोन समाईक यंत्रे, कात्री, सुया, दोरे आणि उरलेली लोकर एवढे भांडवल त्याला पुरे. मुलग्यांनी आणि बाप्यांनी तेथे बटण लावायला, दुमड घालायला आणि रफू करायला शिकावे. आपले कपडे घेऊन यावे व स्वतः शिवून न्यावे. बायकांनी वाटले तर विणावे, वाटले तर नुसत्या गप्पा माराव्यात. तेथे प्रमाणपत्र नसावे, विक्रीचे लक्ष्य नसावे आणि कोणा पुढाऱ्याचा सत्कारही नसावा.

अशा एका दुपारने भांडवलशाही कोसळेल, असा दावा कोणी करणार नाही. जेथे आभाळच फाटले आहे तेथे ठिगळ कोठे कोठे लावणार, ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. पण घरातली पाच माणसे आपापले कपडे शिवू लागली तर बाईची रात्रीची अर्धी घटका मोकळी होते, आणि ती तिने कशी घालवावी हे तिला कोणी सांगत नाही. पुढच्या खेपेला कात्रजमध्ये यंत्रवाटपाचा मांडव पडेल तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी तेथे जमलेल्या बायांना एवढेच विचारावे, की यंत्र मिळाले, आता त्यावर स्वतःसाठी बसायला वेळ कधी मिळणार? त्या प्रश्नाला जे उत्तर येईल त्यातूनच पुढच्या मागणीपत्रकाचे पहिले कलम लिहावे.