निदलांच्या रंगावर उभा कायदा

कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या दक्षिणेला, कायोटी खोऱ्यालगतच्या टेकड्यांवर मोहरीच्या कुळातली एक रानवनस्पती वाढते. तिच्या सुरईसारख्या फुगीर फुलातून अरुंद, चुणीदार पाकळ्या डोकावतात. फुलाची बाहेरची निदले हिरवट पांढरी असतील तर ती ‘स्ट्रेप्टँथस अल्बिडस’ची ‘अल्बिडस’ ही उपप्रजाती, जांभळट असतील तर ‘पेरामोएनस’. पहिलीला १९९५पासून अमेरिकेच्या संघीय कायद्याचे संरक्षण आहे. दुसरीला नाही.

एवढ्याशा रंगासाठी बांधकामे अडवायची का, असे कुणीही विचारेल. पण १९७३च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यातच याचे उत्तर आहे. त्यात पृष्ठवंशीय प्राण्यांच्या एखाद्या प्रदेशापुरत्या समूहालाही वेगळे संरक्षण देता येते. वनस्पतींना ती सवलत नाही; तिथे प्रजाती, उपप्रजाती किंवा वाण म्हणून वेगळी ओळख लागतेच. ही ओळख पुसली, तर पांढऱ्या फुलांच्या झाडांना कायद्यात जागाच उरत नाही.

शिवाय हा फरक निव्वळ वर्गीकरणकारांचा हट्ट नाही. ही झाडे सर्पेंटाइन खडकाच्या जमिनीत वाढतात. तिथे कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम भरपूर आणि निकेलसारखे धातूही असतात. अशा जमिनीचे तुकडे एकमेकांपासून तुटलेले असल्यामुळे प्रत्येक ठिकाणची झाडे आपापल्या वाटेने बदलत जातात. वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर क्रुकबर्ग यांनी १९५०च्या दशकात ‘स्ट्रेप्टँथस ग्लँड्युलोसस’ या जवळच्या प्रजातीच्या ठिकठिकाणच्या झाडांचा संकर केला. जितके अंतर जास्त, तितकी संकरित झाडांची प्रजननक्षमता कमी, असा साधारण कल त्यांना आढळला.

वर्गीकरणही स्थिर नाही. कॅलिफोर्नियातल्या वनस्पतींची ओळख देणाऱ्या ‘जेपसन मॅन्युअल’च्या २०१२च्या आवृत्तीने अल्बिडसला ग्लँड्युलोससचीच उपप्रजाती मानले. प्रजातीचे नाव बदलले, उपप्रजाती मात्र टिकली.

जवळून जाणाऱ्या १०१ क्रमांकाच्या महामार्गावरील वाहनांच्या धुरातला नायट्रोजन या नापीक जमिनीवर पडतो आणि परदेशी गवत माजते. गुरे चारली तर ते आटोक्यात राहते, हे फुलपाखरांच्या अभ्यासातून दिसले आहे. पण कोणती टेकडी आधी राखायची, हे ठरवायला पांढरे झाड कुठे आहे ते कळायला हवे.

आणि ते फुलाशिवाय कळणे कठीण. वाळवलेल्या नमुन्यात रंग फिका पडतो, म्हणून ताज्या फुलाचा रंग आणि जमिनीचा प्रकार जागेवरच नोंदवायला हवा. फुलांचा हंगाम टाळून केलेल्या सर्वेक्षणावर इथे बांधकामाची परवानगी देऊ नये.