स्विच तुमच्या भिंतीवर, पण हुकूम कुणाचा? स्मार्ट स्विचचं 'फर्मवेअर' बदलणं म्हणजे नेमकं काय?

समजा, कोपरगावातलं एक घर आहे. आजी-आजोबा घरी, नातू नोकरीसाठी पुण्यात. दिवाळीला आलेल्या नातवाने हॉलच्या बोर्डात स्मार्ट स्विच बसवून दिला. आता आजोबा खाटेवरूनच मोबाइलने दिवा लावतात. आणि एक दिवस अ‍ॅप सांगतं, 'डिव्हाइस ऑफलाइन'. वीज आहे, वायफाय आहे, दिवाही चांगला आहे. मग बिघडलं काय?

बिघाड हजारो किलोमीटर लांबच्या सर्व्हरमध्ये असू शकतो.

20 ऑक्टोबर 2025 रोजी, ऐन दिवाळीत, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेत मोठा बिघाड झाला आणि जगभरात अनेकांची स्मार्ट उपकरणं काही तास गप्प झाली. ती सेवा निदान परत आली. पण बेल्किन कंपनीने जुलै 2025 मध्ये जाहीर केलं की, 'वीमो' मालिकेतल्या बहुतेक स्मार्ट उपकरणांची क्लाउड सेवा 31 जानेवारी 2026 पासून कायमची बंद होईल. त्यात भिंतीवरचे स्विचही होते. विकत घेतलेली वस्तू जागेवरच, पण तिचं डोकं कंपनीकडे.

निरोपाचा लांबचा प्रवास

बहुतेक स्वस्त स्मार्ट स्विचमध्ये तुम्ही मोबाइलवर 'ऑन' दाबता, तेव्हा निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तिथून तो तुमच्या वायफायवर आणि मग स्विचमध्ये येतो. खाटेपासून बोर्डापर्यंतचं अंतर दहा फूट, पण निरोप परदेशवारी करून येऊ शकतो.

स्विचमध्ये एक छोटी चिप असते. कुणाचं ऐकायचं, हे त्या चिपमध्ये भरलेला प्रोग्राम ठरवतो. तोच फर्मवेअर. अशा अनेक उपकरणांमध्ये ईएसपी8266 नावाची चिप असते. ती 2014 मध्ये बाजारात आली आणि तिने वायफाय एकदम स्वस्त केलं. ती बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी शांघायची, पण तिचं एक कार्यालय आपल्या पुण्यातही आहे.

शेतातला पंप आठवा

लांबून स्विच दाबणं आपल्याला नवीन नाही. रात्री-अपरात्री लाइट आली की शेतात जाऊन मोटर चालू करायची, हा त्रास गोदावरीकाठच्या शेतकऱ्याला वेगळा सांगायला नको. त्यावर पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' हे यंत्र आणलं. मोबाइलवरून फोन लावायचा, ठरलेला कोड दाबायचा, पंप सुरू. 2009 मध्ये त्याला नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीसही मिळालं.

इथे फरक लक्षात घ्या. मोबाइल नेटवर्क लागायचंच, पण हुकूम थेट शेतकऱ्याच्या फोनवरून पंपाकडे जायचा. मध्ये यंत्र बनवणाऱ्याच्या सर्व्हरची परवानगी लागत नव्हती. फर्मवेअर बदलणारे लोक घरातल्या स्विचबाबत हेच मागतायत.

बदलायचं म्हणजे काय?

कंपनीचा प्रोग्राम काढून चिपमध्ये दुसरा प्रोग्राम भरायचा. यात 'टास्मोटा' आणि 'ईएसपीहोम' ही दोन नावं सर्वात चर्चेत. दोन्ही मोफत आणि खुल्या स्रोताची. टास्मोटाची सुरुवात नेदरलँड्सच्या थिओ अरेंड्स यांनी केली. यानंतर स्विच घरातल्या वायफायवरच काम करतो. इंटरनेट गेलं तरी चालतं आणि तुम्ही दिवा किती वाजता लावता, याची नोंद कंपनीकडे जात नाही.

मग सगळेच हे का करत नाहीत? कारण ते दिवसेंदिवस अवघड होतंय. डिसेंबर 2018 मध्ये जर्मनीतल्या एका परिषदेत संशोधकांनी दाखवलं की, तुया या चिनी कंपनीच्या तंत्रज्ञानावर चालणारी उपकरणं न उघडताही त्यांचा प्रोग्राम बदलता येतो. त्यानंतर कंपनीने ती पळवाट बंद केली. पुढे अनेक उत्पादनांत चिपही बदलली. त्यामुळे जुना यूट्यूब व्हिडिओ पाहून तेच मॉडेल मागवलं, तरी बॉक्समधून वेगळीच चिप निघू शकते.

इथे चूक जिवावर बेतू शकते

मोबाइलचं सॉफ्टवेअर बिघडलं तर मोबाइल बंद पडतो. हा स्विच मात्र 230 व्होल्टवर चालतो. चिपला प्रोग्राम भरताना लागतात फक्त 3.3 व्होल्ट. तेही संगणकाला जोडलेल्या छोट्या अ‍ॅडॉप्टरमधून. स्विच घरच्या विजेला जोडलेला असताना त्याला संगणक जोडायचा नाही. कधीच नाही. अनेक स्वस्त मॉड्यूलमध्ये चिपचा भाग मुख्य विजेपासून वेगळा केलेला नसतो. म्हणजे संगणकच नाही, तो धरणारा हातही धोक्यात.

प्रोग्राम भरायचा तो टेबलावर, मॉड्यूल बोर्डातून पूर्ण काढून. बोर्डात परत बसवताना मेन स्विच बंद हवा आणि काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावं. शिवाय उपकरण उघडलं की वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं, आणि पुढचे सुरक्षा अपडेट टाकणं तुमची जबाबदारी.

मग करायचं काय?

हौस आणि माहिती असेल, तर जरूर शिका. पण आजी-आजोबांच्या घरी प्रयोग करण्याआधी एक प्रश्न विचारा: तुम्ही पुण्यात असताना हे बिघडलं, तर कोपरगावात कोण दुरुस्त करणार? कंपनीवरचं अवलंबित्व काढून ते एका नातवावर टाकलं, तर अडचण फक्त जागा बदलते.

नवीन खरेदी करत असाल, तर दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. इंटरनेट नसताना हा स्विच चालतो का? हाताने दाबायचं बटण आहे का? 'मॅटर' मानकाचा आहे का? 2022 मध्ये आलेल्या या मानकात उपकरणं घरातल्या नेटवर्कवरच एकमेकांशी बोलू शकतात. असा स्विच मिळाला, तर बऱ्याच जणांना फर्मवेअर बदलण्याची गरजच पडणार नाही.

केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. वस्तू दुरुस्त करून वापरणं हा ग्राहकाचा हक्क आहे, हा त्यामागचा विचार. पण कंपनीने सर्व्हरच बंद केला, तर पेचकस घेऊन दुरुस्त काय करणार? स्मार्ट वस्तूंबाबत हा प्रश्न आता विचारायलाच हवा.

तोवर घरच्या घरी एक चाचणी करा. वायफाय चालू ठेवून फक्त इंटरनेट बंद करा आणि आजीला मोबाइलने दिवा लावायला सांगा. लागला, तर स्विच तुमचा.

तुमच्या घरी काय झालं? कमेंटमध्ये नक्की सांगा.